जखमेवरचा मध आणि हॉलमधला मध

आदरणीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतली सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत आरतीनंतर आपल्या हॉलमध्ये एका पाहुण्या वक्त्याने ‘प्रतिजैविकं (अँटिबायोटिक्स) सोडा, मध घ्या’ असं दीड तास भाषण केलं आणि स्टॉल लावून मधाच्या बाटल्या विकल्या. त्याविषयीचं दोन पानी पत्र मी गणपती उठल्यावर चारच दिवसांनी आपल्या कार्यालयात हातोहात दिलं होतं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. त्याऐवजी फलकावर नवी सूचना लागली: ‘दर रविवारी सकाळी ९ ते ११ मध-चिकित्सा शिबिर. प्रतिजैविकांना रामराम! सभासदांना विशेष सवलत.’ म्हणून आता जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगते. मंडळाचं नाव लिहीत नाही. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांच्या हॉलमध्येही उद्या हेच शिबिर भरू शकतं.

मी आपली आजीव सभासद. चौतीस वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते. आपल्यापैकी दोघातिघांचे टाके मी काढलेत, आणि सचिवसाहेब, आपल्या आईंचं पाठीवरचं करट रोज संध्याकाळी येऊन कोण धूत होतं ते आपल्याला आठवत असेल. उपकार काढत नाही. जखमेबद्दल बोलायचा थोडा हक्क मला आहे, एवढंच सांगायचं आहे.

मी मधाच्या विरोधात नाही, हेही आधीच सांगते. आपल्या एका पदाधिकाऱ्यांनी ‘सिस्टरबाई ॲलोपॅथीवाल्या, त्यांना आपलं काही चालत नाही’ असं चारचौघांत म्हटल्याचं कानावर आलं. मला आपलं चांगलं चालतं. माझ्या घरी एक पाऊल मधाच्या ड्रेसिंगवर भरलेलं आहे. ते पाऊल आमच्या ह्यांचं.

सहा वर्षांपूर्वीची नवरात्राची गोष्ट. ह्यांना शुगर पंधरा वर्षांची, पायाच्या बोटांना स्पर्श जवळजवळ कळत नाही. तरी अष्टमीला मांढरे मातेच्या देवळाच्या पायऱ्या अनवाणी चढण्याचा हट्ट. संध्याकाळी अंगठ्याखाली फोड दिसला. मी म्हटलं दाखवू या. हे म्हणाले, फोडच तर आहे. आणि मी सिस्टर असून गप्प बसले, हे मी आजही विसरत नाही. ह्यांनी कोपऱ्यावरच्या औषध दुकानातून अझिथ्रोमायसिन ह्या प्रतिजैविकाच्या तीन गोळ्या आणल्या. फोड वाळल्यासारखा वाटला. आठ दिवसांनी पाणी सुटलं तेव्हा सेफिक्झाइम हे दुसरं प्रतिजैविक, तीनच दिवस, कारण ‘आता बरं वाटतंय’. मग अजून कुठली तरी गोळी शेजाऱ्यांच्या डब्यातली. चिठ्ठी एकाही वेळेला नाही. पाचव्या आठवड्यात बोट काळं पडलं.

पुवाचा कल्चर रिपोर्ट हातात आला तेव्हा मी तो वाचायला डॉक्टरांची वाट पाहिली नाही. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला मरतो, ‘आर’ म्हणजे मरत नाही. वरून खाली आर, आर, आर, आर. अगदी तळाशी दोन एस, दोन्ही शिरेतून द्यायची इंजेक्शनं, त्यातलं एक मूत्रपिंडावर बसणारं. दोन बोटं काढावी लागली. दहा दिवस रोज सकाळी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारा, आकडा ऐकल्याशिवाय मी चहा घेत नव्हते.

आता मध. बोटं काढल्यावर राहिलेली जखम मोठी होती, तळाशी पिवळट चिकट थर. तिथल्या तरुण सर्जननी मधाचं ड्रेसिंग सुरू केलं. बाजारातल्या बाटलीतला मध नव्हे. जखमेसाठीच तयार केलेला, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला, ट्यूबमधला. मी नाक मुरडलं. आमच्या तरुणपणी वॉर्डात साखर आणि बेटाडीनचा लेप करत असू, तेव्हा कल्पना अगदीच परकी नव्हती, पण मध म्हटल्यावर मला आजीबाईचा बटवा आठवला. पाचव्या-सहाव्या दिवशी वास गेला. थर सुटायला लागला. पट्टी काढताना ती मांसाला चिकटत नव्हती, त्यामुळे रक्त येत नव्हतं. नऊ आठवड्यांत जखम भरली. मधामुळेच भरली असं मी म्हणणार नाही, कारण सडलेलं मांस आधी कात्रीने काढलं होतं, योग्य इंजेक्शन पूर्ण दिवस दिलं होतं, शुगर ताब्यात आणली होती, आणि ह्यांना पाय टेकवू दिला नव्हता. मध ह्या सगळ्याच्या जोडीला होता. पण होता, आणि त्याने काम केलं.

त्यानंतर मी ह्या विषयावर मिळेल ते वाचलं. निवृत्तीनंतर वेळ असतो. सुश्रुतांच्या काळापासून आपल्याकडे व्रणावर मध-तूप लावत आलेत, हे आपल्या पाहुण्यांनी सांगितलं, ते खरंच आहे. त्यांना जे ठाऊक नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं ते हे, की आधुनिक काळात ह्याची नीट मोजदाद करणाऱ्यांत सोलापूरचे एक सर्जन होते. डॉ. सुब्रह्मण्यम ह्यांनी १९९१ साली ब्रिटिश शल्यचिकित्सेच्या मासिकात भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास छापला. ५२ जणांना मध, ५२ जणांना त्या वेळचं नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. एवढा मोठा फरक दिसला की शास्त्रज्ञ खूश होण्याआधी शंका घेतात, आणि तशा शंका ह्याही अभ्यासावर घेतल्या गेल्या. २०१५ साली कॉक्रेन ह्या संस्थेने जगभरच्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष मोजकेच: फार खोल नसलेल्या भाजलेल्या जखमा आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमा मधाने लवकर भरतात असं दिसतं. मधुमेहाच्या पायाच्या जखमांबद्दल ठाम सांगण्याइतका पुरावा नाही. म्हणजे माझ्या घरात जे घडलं त्याला पुरेसा पुरावा नाही असं ते म्हणतात, आणि मी ते मान्य करते. एक पाऊल म्हणजे पुरावा नव्हे.

मध जंतू मारतो कसा, हे समजलं की हॉलमध्ये काय खोटं सांगितलं गेलं ते आपोआप कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मधात जवळजवळ ८० टक्के साखर आणि १७-१८ टक्के पाणी. एवढा घट्ट पाक जंतूच्या अंगातलं पाणी ओढून घेतो. लोणच्यात मीठ करतं तेच. मध आंबटही असतो, जिभेला गोड लागला तरी. शिवाय माशी फुलांचा रस पोळ्यात आणताना त्यात आपल्या ग्रंथीतलं एक विकर (एन्झाइम) मिसळते, ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं. जखमेतल्या पाण्याने मध पातळ झाला की हे विकर जागं होतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. आम्ही वॉर्डात बाटलीतून ओतून फेस आणत असू तेच, पण इथे थेंबाथेंबाने, तासन्‌तास. न्यूझीलंडच्या मनुका झुडपाच्या मधात ह्याशिवाय मिथाइलग्लायॉक्सल नावाचा पदार्थ भरपूर असतो, असं २००८ मध्ये दाखवलं गेलं. आणि २०१० मध्ये ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी मधात माशीच्या स्वतःच्या रोगप्रतिकाराचं एक प्रथिनही शोधलं. एकाच वेळी चार बाजूंनी मार पडतो, त्यामुळे प्रयोगशाळेत जंतूंना मधाला सरावणं प्रतिजैविकाला सरावण्याइतकं सोपं जात नाही. औषधांना न जुमानणारे जंतूही काचेच्या थाळीत मधाने मरतात. आपल्या पाहुण्यांचं हे वाक्य खरं आहे.

पण थाळीत आणि जखमेवर. पोटात नव्हे.

दोन चमचे मध कोमट पाण्यातून प्यायला की आतड्यात त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊन रक्तात जातं. पाकाचा घट्टपणा ग्लासातच संपला. विकर पचून गेलं. पेरॉक्साइड तयार झालंच तर रक्तात त्याला तोडणारं दुसरं विकर ठासून भरलेलं असतं. मूत्रपिंडात, फुप्फुसात, रक्तात बसलेल्या जंतूपर्यंत पोचते ती फक्त साखर. जखमेवर मध जंतूला भिडतो कारण तिथे तो त्याच्या अंगावर ओतलेला असतो. एवढी साधी गोष्ट आपल्या हॉलमधल्या दीड तासाच्या भाषणात एकदाही आली नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. आपल्याच सभासद असलेल्या एक काकू, वय अडुसष्ट, लघवीच्या संसर्गासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सात दिवसांच्या गोळ्या घेत होत्या. तिसऱ्या दिवशी आपल्या हॉलमध्ये भाषण ऐकलं, साडेसातशे रुपयांची बाटली घेतली आणि गोळ्या बंद केल्या. ‘अंगात विष साठतं’ हे त्यांनी मला तोंडपाठ सांगितलं, अगदी वक्त्याच्या चालीत. पाचव्या दिवशी रात्री दात वाजेपर्यंत थंडी भरून ताप. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. चार दिवस दाखल होत्या. त्या बऱ्या आहेत, मंडळावर त्यांचा रागही नाही. ‘मंडळानेच बोलावलं होतं ना, मग खोटं कसं असेल?’ असं त्या म्हणतात. अध्यक्षमहाराज, हे वाक्य आपण दोनदा वाचावं. रस्त्यावरच्या तंबूत हाच माणूस हेच बोलला असता तर काकू थांबल्याही नसत्या. त्याला श्रोते मिळाले ते आपल्या हॉलमुळे, गणपतीच्या आरतीनंतर, तिथेच, त्याच माइकवरून.

दुसरी. वक्त्यांनी ‘नवजात बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत’ असं म्हटलं आणि स्टॉलवरच्या मुलीने सात महिन्यांच्या एका बाळाला बोटाने मध चाटवला. मी उठून तिथे जाईपर्यंत झालं होतं. मला ठाऊक आहे, आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची रीत आहे. मी माझ्या मुलालाही चाटवलाय, तेव्हा मला माहीत नव्हतं. मधात बॉट्युलिझम ह्या अंग लुळं पाडणाऱ्या आजाराच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना उगवू देत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं देऊ शकतं, आणि मग बाळ लुळं पडत जातं, श्वासापर्यंत. क्वचित होतं, पण होतं. एक वर्षापर्यंत मध नाही, हे लसीकरणाच्या खोलीत भिंतीवर लिहिण्यासारखं वाक्य आहे, आणि आपल्या हॉलमध्ये त्याच्या उलट सांगितलं गेलं.

तिसरी तक्रार बाटलीबद्दल. मी एक विकत घेतली, पावती मागितली, मिळाली नाही. लेबलवर अन्नपदार्थाचा चौदा आकडी परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, तारीख नाही. ‘अरण्यातील शुद्ध’ आहे. निर्जंतुक केल्याचा उल्लेख अर्थातच नाही, आणि तरी ‘जखमेवर लावा’ असं छापलंय. जखमेवर लावायचा मध वेगळा असतो. त्याला उकळून चालत नाही, उष्णतेने ते विकरच मरतं. म्हणून तो किरणांनी शुद्ध करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असं मधाचं ड्रेसिंग २००७ मध्ये मान्य केलं, ते ह्या तयारीसकट. पोळ्यातून काढून बाटलीत भरलेला मध उघड्या जखमेवर ओतणं म्हणजे माती, मेण, परागकण आणि बीजाणू आत ढकलणं.

आणि तो मध तरी मध आहे का? डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाजारातल्या १३ ब्रँडांचे नमुने जर्मनीपर्यंत पाठवून तपासले, त्यात तीनच ब्रँड सगळ्या चाचण्यांत उतरले. बाकीच्यांत साखरेचे पाक होते, तेही असे बनवलेले की आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांना सापडूच नयेत. स्टॉलवर काडी पेटवून आणि पाण्यात थेंब सोडून जी ‘शुद्धतेची परीक्षा’ दाखवली, टाळ्या पडल्या, तिला चांगल्या घट्ट पाकाचा थेंबही पास होतो. घरी करून बघा. गंमत अशी की वक्त्यांनी ‘साखर धरणारा मध बनावट’ असंही सांगितलं. अहो, आपण ग्वाल्हेरचे! मुरैना-भिंडच्या सरसोंच्या शेतांत हिवाळ्यात मधपेट्या मांडलेल्या आपण बसमधून बघतो. त्या फुलांच्या मधात ग्लुकोज जास्त, तो थंडीत तुपासारखा थिजतोच. त्या वाक्याने आपल्या दारातला खरा शहद खोटा ठरला आणि शिबिरवाल्याची कायम पातळ राहणारी बाटली खरी.

चौथी छोटी आहे. ‘मधुमेहींनाही चालतो, मधुमेह बरा होतो’ असा फलक आपल्या भिंतीवर होता. मधातली साखर रक्तात साखरच असते. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात बसत नाही, हे कार्यकारिणीत दोन वकील असताना मी सांगावं का?

पाचवी तक्रार मात्र एकट्या आपल्यावर नाही, आपल्या सगळ्यांवर आहे, माझ्यावरही. हा वक्ता इतका खपला का? कारण त्याने सुरुवात एका खऱ्या भीतीने केली. प्रतिजैविकं चालेनाशी होताहेत हे खरंच आहे. २०१९ ह्या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट दगावली, असा मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. फ्लेमिंगने १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधलं आणि १९४५ मध्ये नोबेल घेताना भाषणातच बजावून ठेवलं, की हे दुकानात कुणालाही मिळू लागलं तर लोक अपुरा डोस घेतील आणि जंतूंना शिकवून ठेवतील. आमच्या ह्यांनी तेच केलं. तीन गोळ्या, मग तीन गोळ्या, मग शेजाऱ्यांच्या डब्यातली उरलेली. जंतूंची शाळा आमच्या घरात भरली होती, आणि फी दोन बोटं.

मग औषधं नीट वापरायची, की औषधंच टाकून द्यायची? वक्त्याने दुसरं सुचवलं. काकूंनी तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडल्या त्या ‘जंतूंचा प्रतिकार वाढू नये’ म्हणूनही! डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेला कोर्स मनाने अर्ध्यात सोडणं आणि मनाने दुकानातून गोळी आणणं, दोन्ही एकाच घरातले भाऊ. शिबिराने एक भाऊ हाकलला आणि दुसऱ्याला पाटावर बसवलं.

आपल्या राज्याने औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्धचा कृती आराखडा २०१९ मध्येच जाहीर केला. केरळनंतर असा आराखडा करणारं मध्य प्रदेश देशातलं दुसरं राज्य. आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? मीही निवृत्तीनंतरच ऐकलं. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झाइमसारखी औषधं एच-वन यादीत आहेत: चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. आमच्या ह्यांना ती गोळी मिळाली तेव्हा कोणती वही उघडली गेली? २०१६ पासून प्रतिजैविकांच्या पाकिटावरच्या उभ्या लाल रेघेचा अर्थ (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका) लोकांना सांगायची मोहीम आहे. परवा आपल्या महिला शाखेत मी पाकीट दाखवून विचारलं, ही रेघ कशाची? एक म्हणाली, एक्स्पायरीची. दुसरी म्हणाली, डिझाइन. मंडळाला आरोग्याचं काही करायचंच असेल तर काम इथे पडलेलं आहे, आणि त्यासाठी कुणाची बाटली विकावी लागत नाही.

कुणी म्हणेल, सिस्टरबाई, मग घरात मध ठेवायचा की नाही? ठेवा. वर्षावरच्या मुलांना, मोठ्यांना साधा सर्दी-खोकला असेल तर चमचाभर मध घ्या, सोबत आलं घ्या. इंग्लंडच्या आरोग्य मार्गदर्शिकेनेच २०१८ मध्ये साध्या खोकल्याला आधी मध आणि मगच बाकीचं असं सांगितलं, कारण तो बहुतेक वेळा विषाणूचा असतो, प्रतिजैविकाचा तिथे उपयोगच नाही. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास तपासून तसंच म्हटलं. खरं तर मध प्रतिजैविकांची सगळ्यात मोठी बचत इथे करू शकतो: जी गोळी मुळात घ्यायचीच नव्हती, ती घेतली जात नाही. पण ताप तीन दिवसांवर गेला, धाप लागली, कफातून रक्त आलं, की चमचा खाली ठेवून डॉक्टरकडे जायचं. शुगरवाल्यांनी तो चमचाही हिशोबात धरायचा.

माझ्या मागण्या अशा.

येत्या रविवारचं आणि पुढची सगळी शिबिरं रद्द करा, आणि ती का रद्द केली हे त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा. ‘अपरिहार्य कारणास्तव’ नको.

ज्या सभासदांनी बाटल्या घेतल्या त्यांची यादी सवलतीच्या कुपनांमुळे आपल्याकडे आहे. त्यांना एकेक फोन करा. चालू असलेली गोळी बंद केली आहे का, एवढं विचारा आणि केली असेल तर आजच त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. ज्यांच्या घरी वर्षाच्या आतलं बाळ आहे त्यांना आधी. माणसं कमी पडली तर अर्धी यादी मला द्या, माझ्याकडे दुपार मोकळी असते.

बाटलीचा एक नमुना अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे तपासणीला द्या. मी घेतलेली बाटली न उघडता ठेवली आहे, ती देते. अहवाल जो येईल तो सभासदांना दाखवा. मध खरा निघाला तर मी जाहीरपणे तसं सांगेन, दाव्यांबद्दलचं माझं म्हणणं त्याने बदलणार नाही.

हॉल भाड्याने किंवा फुकट देताना आरोग्याचा दावा करणाऱ्याकडून त्याची नोंदणी, त्याची पदवी आणि मालाचा परवाना लेखी घ्यायचा, असा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडा. मांडायला आपल्याला संकोच वाटत असेल तर मी मांडते, अनुमोदक माझ्याकडे आहेत.

आणि त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर, एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि एक सर्जन ह्यांना बोलवा. कल्चर रिपोर्ट कसा वाचायचा, लाल रेघ म्हणजे काय, जखमेवर मध कधी आणि कोणता, हे त्यांनी सांगावं. आयुर्वेदाच्या वैद्यांनाही बोलवा, जे व्रणाचं काम खरंच करतात त्यांना. मला त्यांचं ऐकायला आवडेल. शेवटी मध विकायचाच असेल तर मुरैन्याच्या मधपाळांना स्टॉल द्या. नोव्हेंबर २०२० मध्ये देशात मधपाळांच्या पहिल्या पाच उत्पादक संस्था जाहीर झाल्या, त्यांत मुरैना होतं. थिजलेला सरसोंचा मध, परवाना क्रमांक, पावती, आणि पाटीवर एकच शब्द: मध. मी दोन किलो घेईन.

आपल्याला हे पत्र टोचेल. मला आपल्याशी भांडायचं नाही. चाळीस वर्षं ह्याच हॉलमध्ये हळदीकुंकू, नाटकं, मुलाची मुंज, सगळं झालं आहे. पण काकूंच्या त्या वाक्यानंतर मला घरी बसवेना.

सोबत ह्यांच्या जुन्या कल्चर रिपोर्टची प्रत जोडली आहे, नाव खोडून. ‘आर’ किती आहेत ते मोजून बघा. रविवारी साडेआठला मी हॉलच्या पायऱ्यांवर बसलेली असेन. शिबिर रद्द झालं असेल तर चहा पिऊन परत जाईन. झालं नसेल तर येणाऱ्या प्रत्येकाला विचारीन, घरी कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि घरात लहान बाळ आहे का.

आपली,
एक आजीव सभासद आणि निवृत्त सिस्टर
लश्कर, ग्वाल्हेर